अक्रोडांच्या आधी: उतारवयातलं ताट आणि स्मरणशक्ती

घरातल्या वयस्कर माणसाला नावं आठवेनाशी झाली की पुष्कळदा पहिली खरेदी अक्रोडांची होते. दिसायला मेंदूसारखा, म्हणून मेंदूला चांगला, इतका सरळ हिशेब! माझ्या आत्यासाठी आम्हीही मोठा डबा भरून अक्रोड आणले होते. तीन आठवड्यांनी डबा उघडला, तर तो जवळपास भरलेलाच. आत्याची खालची कवळी सैल झाली होती आणि कडक काही चावलं की हिरडीला टोचायचं. तिनं कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. मऊ असेल तेवढं खायची, बाकीचं ताटाच्या कडेला सारायची. मेंदूला काय घालावं यावर आमच्या चर्चा रंगत होत्या आणि तिच्या पोटातच धड काही जात नव्हतं.

त्या डब्यानं मला जो क्रम शिकवला, तोच इथे ठेवला आहे. आधी काय खाल्लं जातंय ते बघायचं, मग शरीरात काय कमी आहे ते तपासायचं, मग पुरेसं खायला घालायचं. कुठलं अन्न मेंदूला जास्त चांगलं, हा प्रश्न त्यानंतरचा. तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल तरी क्रम हाच ठेवा.

अपेक्षा किती ठेवावी

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विसाव्याच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागते. एवढा खादाड अवयव, पण स्वतःजवळ साठा जवळजवळ शून्य. साखर आणि प्राणवायू रक्तातून सतत यावा लागतो. त्यामुळे आहाराचा मेंदूशी संबंध मुख्यतः दोन वाटांनी येतो: रक्तवाहिन्या किती धडधाकट राहतात, आणि चेतापेशींना लागणारी काही नेमकी द्रव्यं पुरतात की नाही. एखादा पदार्थ पोटात गेला आणि थेट आठवणींच्या कप्प्यात जाऊन बसला, असं काही होत नाही.

या विषयात ‘माइंड’ आहाराचं, म्हणजे पालेभाज्या, अख्खी धान्यं, कडधान्यं, सुकामेवा, मासे यांवर भर देणाऱ्या आहाराचं, नाव हमखास कानावर येतं. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली मांडला. ९२३ ज्येष्ठांकडे सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी आणि बऱ्यापैकी पाळणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी कमी दिसलं. हे आकडे आजही सगळीकडे फिरतात. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. नीट खाणारी माणसं बहुधा चालतातही जास्त, शिकलेलीही जास्त असतात आणि रक्तदाबही वेळेवर तपासून घेतात. मग श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतात. काही वेळा वाईट आहारामुळे विसरभोळेपणा आलेला नसतो, तर आजाराची सुरुवात झाल्यामुळेच खाणं बिघडलेलं असतं.

पुढे २०२३ साली याच आहाराची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेली, घराण्यात स्मृतिभ्रंश असलेली ६०४ माणसं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ‘माइंड’ आहार घेणारा आणि नेहमीचाच आहार घेणारा अशा दोन गटांत विभागली आणि तीन वर्षं पाहिली. उष्मांक दोन्ही गटांनी थोडे कमी केले होते. बौद्धिक चाचण्यांत दोन्ही गट थोडे सुधारले, पण दोघांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याउलट फिनलंडमधली ‘फिंगर’ चाचणी (२०१५) पाहा. ६० ते ७७ वयाची १,२६० माणसं, दोन वर्षं; पण तिथे आहाराच्या जोडीला व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखर-चरबीवर देखरेख असं सगळं एकत्र होतं. त्या गटाची एकूण बौद्धिक गुणांतली सुधारणा नुसता सर्वसाधारण आरोग्यसल्ला मिळालेल्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. माझं मत विचाराल तर वीस वर्षं मुरणाऱ्या आजाराला तीन वर्षांची चाचणी अपुरी पडते, म्हणून आहार निरुपयोगी ठरत नाही. मात्र ‘हे खा, स्मृतिभ्रंश टळेल’ असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

पहिली पायरी: तीन दिवसांची वही

साधी वही घ्या. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा. जे *खाल्लं* ते लिहायचं, जे वाढलं ते नाही. सगळी गंमत याच फरकात आहे. ‘दुपारी जेवलीस ना?’ असं विचारलं की आत्या ‘हो’ म्हणायची. वहीत त्या जेवणाची नोंद निघाली ती अशी: अर्धा कप चहा, दोन बिस्किटं, एक केळं. खोटं बोलत नव्हती ती. तिच्या लेखी ते जेवणच होतं.

नोंदीत वेळ, साधारण प्रमाण आणि ताटात काय उरलं ते असू द्या. उरलेलं पुष्कळ बोलतं. रोज कडक पदार्थच उरत असतील तर दात किंवा कवळी. सगळंच थोडं थोडं उरत असेल तर भूक, मनःस्थिती किंवा एखादं औषध. ताटाच्या एकाच बाजूचं उरत असेल तर दृष्टी, आणि क्वचित जुना पक्षाघातही. मीठ-साखर एकाएकी जास्त लागू लागली असेल तर वास आणि चव मंदावलेली असू शकते. वयाबरोबर वास कमी होतोच, पण अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये तो लवकर जातो, हे डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर वजन लिहा. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी. काटा नसेल तर बोटातली अंगठी, कमरेचा पट्टा, ब्लाउजची बाही यांवर नजर ठेवा. सहा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोंहून अधिक, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंशात वजन उतरणं काही वेळा विसरण्याच्याही आधी सुरू होतं.

आणखी एक रकाना लोक हमखास विसरतात: *कुणाबरोबर* खाल्लं. एकट्यानं जेवणारा माणूस स्वतःपुरतं काही करायचा कंटाळा करतो. नवा पदार्थ शोधण्याआधी आठवड्यातून चार वेळा सोबतीला कोण बसेल ते ठरवा.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे काय विचारायचं

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीनं फार नुकसान केलं आहे. विसरणं वयाच्या खात्यावर टाकलं की तपासणी होत नाही, आणि त्यात सुधारता येण्याजोगी कारणंही दडपली जातात. जाताना वही आणि *सगळी* औषधं बरोबर न्या. झोपेची, अ‍ॅलर्जीची, दुकानातून आपल्या मनानं आणलेलीसुद्धा. झोप, अ‍ॅलर्जी आणि वारंवार लघवी यांवरची काही औषधं तोंड कोरडं पाडतात आणि उतारवयात चक्क गोंधळ उडवतात. अशा वेळी आहार बदलत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

रक्तात काय बघायचं ते डॉक्टर ठरवतील. विसरणं नवं असेल तर सहसा हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, मूत्रपिंडाचं काम, सोडियम आणि कॅल्शियम पाहिलं जातं. यातल्या बी-१२ वर जरा थांबू.

प्रौढाला दिवसाला अवघं २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. वय वाढतं तसं पुष्कळांच्या जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं. त्यात पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही बी-१२ नीट शोषू देत नाही. म्हणजे ताटात असूनही ते रक्तात पोचत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून उणीव उशिरा आणि चोरपावलांनी येते: पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, चिडचिड, विसरणं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी बी-१२ कमी असू शकतं. उलट नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

बी-१२ प्राणिजन्य अन्नातच मिळतं: मासे, अंडी, मांस, दूध, दही. हे काहीच न खाणाऱ्यांना गोळी किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ यांवाचून पर्याय नाही. गोळीतलं बी-१२ सुटं असतं, त्याला जठरातल्या आम्लाची गरज पडत नाही. उणीव खोल असेल तर डॉक्टर इंजेक्शनं देतात. आत्याचं बी-१२ बरंच खाली निघालं. इंजेक्शनांनंतर दोन-तीन महिन्यांत पायाच्या मुंग्या गेल्या, दुपारची सुस्ती कमी झाली. नावं मात्र सगळी परत आली नाहीत. उणीव जितकी जुनी, तितकं कमी भरून येतं.

तिसरी पायरी: आधी पुरेसं, मग उत्तम

तरुणपणी ‘कमी खा’ हा सल्ला बरोबर असेल; सत्तरीनंतर तोच आंधळेपणानं चालू ठेवणं धोक्याचं. स्नायू वयाबरोबर झडतात, आजारपणात तर भराभर. स्नायू गेले की चालणं कमी, पडणं जास्त, मग रुग्णालय, आणि रुग्णालयातून परतलेला वृद्ध मेंदू पुष्कळदा पूर्वीसारखा राहत नाही. प्रथिनांचा स्मरणशक्तीशी संबंध मला या आडवळणानं जास्त पटतो.

निरोगी ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८, वाटीभर घट्ट शिजवलेल्या कडधान्यात १० ते १५, शिजलेल्या १०० ग्रॅम माशात २० च्या आसपास. आता वहीतल्या तीन दिवसांची बेरीज करून बघा. पुष्कळ ज्येष्ठांचं पहिलं खाणं म्हणजे चहा आणि काहीतरी पिठाचं, त्यात प्रथिनं नावाला. सकाळी एक अंडं किंवा वाटीभर दही वाढवणं हा माझ्या अनुभवात सगळ्यात स्वस्त आणि टिकणारा बदल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच.

भूकच नसेल तर मोठं ताट बघूनच माणूस हरतो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. सूप पाण्याऐवजी दुधात करा, त्यात शिजवलेली डाळ घोटा, वरून चमचाभर तेल सोडा. आकार तेवढाच, पोषण दुप्पट. आणि दातांचं काम टाळू नका. आत्याची कवळी नीट बसवून घेतली त्या आठवड्यात ती जेवढं जेवली तेवढं वर्षभरात जेवली नव्हती.

चौथी पायरी: आठवड्याचं ताट

‘माइंड’ आहाराचा नेमका फायदा किती यावर वाद असू दे, त्याचा साचा मला आवडतो, कारण तो दिवसाचा नव्हे तर आठवड्याचा हिशेब मागतो. एक दिवस चुकला तरी आभाळ कोसळत नाही.

त्याचं माप असं: हिरव्या पालेभाज्या आठवड्यातून सहा वेळा तरी, शिवाय दुसरी एखादी भाजी रोज. अख्खी धान्यं दिवसातून तीनदा. डाळी-कडधान्यं आठवड्यातून चारदा. सुकामेवा पाच वेळा मूठभर. बेरीवर्गातली फळं दोनदा. मासा एकदा, कोंबडी दोनदा. स्वयंपाकाला मुख्यतः ऑलिव्ह तेल. कमी करायचं ते लोणी, चीज, लाल मांस, तळलेलं आणि गोडधोड-केक.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण कळलं तर आपापल्या ताटात बदल करणं सोपं जातं. पालेभाज्यांत फोलेट, ल्युटीन आणि के जीवनसत्त्व असतं. ९६० ज्येष्ठांच्या एका पाहणीत (२०१८) रोज साधारण एक वाढप पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धी ती क्वचित खाणाऱ्यांपेक्षा जणू ११ वर्षांनी तरुण दिसली. तीही निरीक्षणाचीच पाहणी, तेव्हा आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका, पण भाजी वाढा. माशांत डीएचए हे ओमेगा-३ असतं, जे चेतापेशींच्या आवरणाचा भाग आहे. तेलकट मासा आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. मासे न खाणाऱ्यांनी अक्रोड आणि जवस घ्यावेत. शरीर त्यांच्यापासून डीएचए बनवतं, पण फार थोडं. बेरी मिळत नसतील तर हळहळू नका. गडद रंगाची कुठलीही फळं चालतील, फक्त रस काढू नका. रसात चोथा जातो, साखर राहते.

सगळं एकदम बदलू नका. सत्तर वर्षांची जीभ हुकुमानं वळत नाही. आठवड्याला एकच अदलाबदल करा: एका वेळी पांढऱ्या पिठाऐवजी अख्ख्या धान्याचं, मग चहाबरोबरच्या बिस्किटांऐवजी सुकामेवा, मग तळलेल्याऐवजी भाजलेलं. काढण्याआधी घाला, म्हणजे भांडण होत नाही. आमच्या डब्यातल्या अक्रोडांचंही शेवटी सोनं झालं. हलके भाजून, कुटून त्यांची पूड केली आणि रोज चमचाभर दह्यात. दळताना यंत्र थांबवत थांबवत फिरवायचं, नाहीतर तेल सुटून लगदा होतो.

औषधांशी होणारी गाठ मात्र सांभाळा. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही. प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवायचं, बदलायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत तिच्यापासून चार तासांचं अंतर. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांत प्रथिनांमुळे औषधाचा असर कमी होऊ शकतो, तिथे वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्या लागतात. ग्रेपफ्रूट काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशी जमत नाही.

रक्तवाहिन्यांचं खातं

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज मांडला. त्या यादीत ‘आहार’ असं वेगळं कलम नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि अति मद्यपान आहे, आणि या सगळ्यांची वाट स्वयंपाकघरातूनच जाते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात पाव, सॉस, डबाबंद सूप, खारवलेलं सगळं धरायचं. वरून घ्यायचं मीठ बंद करणं सोपं; पाकिटातलं शोधणं खरं काम. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवा, लिंबू, मिरी, लसूण, ताजी पानं वाढवा. मात्र पाण्याच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठाला एका रात्रीत अळणी करू नका. सोडियम खाली गेलं की तेच ग्लानी आणि गोंधळ निर्माण करतं.

साखरेबाबतही एक उलटी बाजू आहे, तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. मधुमेही ज्येष्ठ इन्सुलिन किंवा काही जुन्या गोळ्यांवर असतील आणि ‘पथ्य’ म्हणून जेवणच टाळत असतील, तर साखर घसरते. पुन्हा पुन्हा घसरलेली साखर मेंदूला वाईट. घाम, थरथर, विचित्र वागणं दिसलं तर लगेच मोजा. या वयात डॉक्टर अनेकदा मुद्दाम थोडी सैल मर्यादा ठेवतात. ‘अजून कमी करू’ असा उत्साह तिथे नको.

दारूबद्दल थोडक्यात: मेंदूसाठी चांगली अशी मात्रा नाही. विसरणं सुरू झालं असेल तर बंदच बरी. जुन्या, भरपूर पिणाऱ्या माणसात थायमिन म्हणजे बी-१ कमी पडून स्मृतीला कायमची इजा होऊ शकते.

पाणी

तहान वयाबरोबर मंदावते, म्हणून ‘तहान लागली की पिईन’ हा नियम इथे चालत नाही. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे वयस्कर स्त्रियांनी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांनी २ लिटर पेयं घ्यावीत. चहा, दूध, सूप यात धरलेलं आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात मर्यादा घातली असेल तर तीच पाळायची.

पाणी कमी पिण्याचं खरं कारण बहुधा रात्री उठण्याची भीती असतं. त्यावर उपदेश करू नका. तीन चतुर्थांश पाणी संध्याकाळच्या आत संपेल असं बसवा. दर गोळीबरोबर पूर्ण पेला, आणि डोळ्यांसमोर भरलेलं, उचलायला हलकं भांडं.

एका-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोपेतून नीट जागा होईना, तर तो आहाराचा प्रश्न समजू नका. पाणी कमी पडणं, संसर्ग, औषध, सोडियम, साखर, पक्षाघात, यांतलं काहीही असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा.

बाटल्यांतलं शहाणपण

जिंको बिलोबा, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क: ३,०६९ ज्येष्ठांना वर्षानुवर्षं रोज दोनदा १२० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, २००८ च्या निष्कर्षात स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ च्या गोळ्या आणि ‘सगळं एकत्र’ मिश्रणं स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. भूमध्यसागरी पद्धतीचा (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असा) आहार मात्र सुचवता येईल असं म्हटलं. २०२२ साली २,२६२ ज्येष्ठांच्या चाचणीत साध्या मल्टिव्हिटॅमिननं तीन वर्षांत बौद्धिक गुणांत थोडा फायदा दाखवला, कोकोच्या अर्कानं नाही. थोडा फायदा म्हणजे स्मृतिभ्रंश टळला असं नव्हे, पण डॉक्टर ‘घ्या’ म्हणाले तर घ्यायला माझी हरकत नसेल. बाकी पैशांचे मासे आणि भाज्या आणा.

विसरणं आधीच वाढलं असेल तर

इथे नियम बदलतात. ताटात काय आहे यापेक्षा ते तोंडात कसं जाईल हा प्रश्न मोठा होतो. बोस्टनमध्ये अल्झायमरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या एका छोट्याशा प्रयोगात (२००४) पांढऱ्या भांड्यांऐवजी ठळक रंगाची भांडी दिली, तर अन्न २५ टक्के आणि पेय ८४ टक्के जास्त घेतलं गेलं. पांढऱ्या ताटलीतला पांढरा पदार्थ त्या डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. नक्षीची ताटलीही टाळा. नक्षी उचलायला बोटं जातात.

एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा. टीव्ही बंद. चमचा धरणं विसरलं असेल तर हातात धरून खाता येईल असे तुकडे करा: उकडलेलं अंडं, भाजीच्या वड्या, फळाच्या फोडी. समोर बसून तुम्हीही खा. ते तुमचं पाहून खातात. सुरुवात अडत असेल तर त्यांच्या हातात चमचा देऊन, त्या हाताखाली आपला हात ठेवून पहिले दोन घास एकत्र न्या, मग पुष्कळदा गाडी आपोआप चालू लागते. ‘मी जेवलोच नाही’ असं जेवणानंतर दहा मिनिटांनी म्हणाले तर वाद घालू नका. जेवणातला थोडा वाटा राखून ठेवलेला असावा, तो द्यावा.

या टप्प्यात जुनी पथ्यंही डॉक्टरांशी बोलून सैल करा. वजन उतरत असताना लोणी नको, गोड नको म्हणत बसण्यात अर्थ नाही. जेवताना ठसका लागणं, घासानंतर आवाज ओला-घरघरता येणं, अन्न गालात साठवून ठेवणं ही गिळण्यातल्या बिघाडाची लक्षणं आहेत. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा आणि तोवर जेवताना ताठ बसवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नका.

तीन महिन्यांनी

तीच तीन दिवसांची वही पुन्हा लिहा आणि जुन्या पानांशेजारी ठेवा. वजन, प्रथिनांची बेरीज, पालेभाजीचे दिवस, पाण्याचे पेले, रक्तदाब, आणि कमी निघालेलं जे काही होतं त्याची फेरतपासणी. घरी रोज ‘आज वार कोणता?’ असली परीक्षा घेऊ नका. तिनं माणूस खजील होतो आणि कळत काहीच नाही. रीतसर चाचणी डॉक्टर घेतील, सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. वहीत त्याऐवजी रोजच्या कामांची नोंद ठेवा: गॅस आठवणीनं बंद केला का, औषधाची डबी बरोबर दिवसाला रिकामी झाली का, फोन आला तर निरोप पोचला का. आत्याच्या वहीत शेवटून तिसऱ्या पानावर तिच्याच अक्षरात एक ओळ आहे: ‘अक्रोड संपले, आणायला सांगणे.’